टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड? नाण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्ह्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना वेगळं दिसलेलं नाणं बाजूला काढायची सवय लागली, त्याला आता वीस वर्षं होत आली. हळूहळू लोकांना कळलं. आता फोनवर फोटो येतात, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी रुमालात बांधलेली नाणी घेऊन पायरीवर बसलेलं असतं. जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, एरर कॉईन म्हणजे नेमकं काय?

टांकसाळीच्या दारातून बाहेर पडायच्या आधी ज्याच्यात चूक झाली ते एरर कॉईन. दाराबाहेर त्याचं जे काही झालं ती मोडतोड. सगळा निवाडा एवढ्यावरच होतो, म्हणून नाणं पाडतात कसं ते आधी समजून घ्या.

घरी मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात, तशा धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या पाडतात. चकतीची कड दाबून जराशी उचलतात, तिला भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन कोरडी करतात. मग ती यंत्रात जाते. तिथे खाली एक ठसा, वर एक ठसा आणि भोवती पोलादी कडं असतं. दणका बसला की मऊ धातू पसरून ठशाच्या खोलगट भागात शिरतो आणि कड्याला जाऊन भिडतो. छापा, काटा आणि काठावरचे दाते असतील तर तेही, सगळं त्या एका दणक्यात उमटतं.

म्हणजे चूक तीन जागी होऊ शकते: चकतीत, ठशात किंवा दणक्यात. कुठलंही नाणं हातात आलं की मी आधी हेच शोधतो, की यंत्रात काय बिघडलं असेल म्हणजे नाणं असं निघेल. त्याचं उत्तर सापडत नसेल तर बहुतेक वेळा ते नाणं कुणीतरी हातोडीखाली घेतलेलं असतं.

२. घरी तपासायला काय काय लागतं?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक लोहचुंबक आणि सोनाराकडचा काटा. भिंग शाळेच्या प्रयोगशाळेतलं चालेल, घड्याळजीचं असेल तर फारच चांगलं. काटा विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या सोनाराला नीट सांगितलं तर तो दोन मिनिटांत वजन करून देतो.

यापेक्षाही मोलाचा असतो उजेड. भर उन्हात नाणं चमकतं आणि बारीक गोष्टी दिसत नाहीत. सकाळी खिडकीजवळ बसा, उजेड एका बाजूने येऊ द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. वर उठलेली रेघ आणि आत गेलेला ओरखडा यांच्या सावल्या उलट्या पडतात. प्रश्न ८ मध्ये त्याचाच उपयोग होतो.

अजून एक. शेजारी त्याच वर्षाचं, त्याच किमतीचं चांगलं नाणं ठेवा. चांगलं कसं असतं हे माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखता येत नाही.

३. माझं नाणं वाकडं, चपटं, घासलेलं आहे. हे एरर आहे का?

शंभरातल्या बहुतेक फोटोंचं उत्तर "नाही" असं असतं आणि ते द्यायला मलाही बरं वाटत नाही. पण हे एकदा नीट कळलं की तुमचा पुढचा बराच त्रास वाचतो.

धातू हरवत नाही, तो सरकतो. नाण्यावर बाहेरून घाव बसला की तिथला धातू बाजूला ढकलला जातो आणि घावाच्या कडेला बांधासारखा उंचवटा तयार होतो. बोट फिरवलं तरी तो लागतो. शिवाय घावाखाली मूळ अक्षरं चेपलेली दिसतात. आधी छपाई आणि मग घाव, असा क्रम भिंगातून वाचता येतो. टांकसाळीच्या चुकीत सहसा चेपलेलं काही नसतं (अपवाद प्रश्न १० मध्ये). तिथे अक्षर नीट उमटलेलं असतं किंवा उमटलेलंच नसतं.

आपल्याकडे नेहमी सापडणारे प्रकार सांगतो. शकुंतला ही छोटी रेल्वे चालू होती तेव्हा मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या गावांतली पोरं रुळावर नाणी ठेवायची. अशी नाणी पातळ, लांबट होतात आणि दोन्ही बाजू आरशासारख्या गुळगुळीत. ती आजही घराघरांत निघतात. ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेलेल्या नाण्यावर खडीचे बारीक खड्डे पडतात. काळ्या मातीत दोन-चार पावसाळे पडून राहिलेल्या नाण्याला फोड आणि डाग येतात, कधी पापुद्रे निघतात. चुलीत किंवा होळीत पडलेलं नाणं काळं, निळसर होतं आणि त्याच्या पृष्ठावर बुडबुडे दिसतात. लेकराच्या करदोड्यासाठी भोक पाडलेली नाणी तर असंख्य आहेत. त्या भोकाची एक कड आत दबलेली आणि दुसरी बाहेर फाटलेली असते. (जन्मतःच भोक असलेल्या पैशाबद्दल प्रश्न १९ पाहा.)

मुद्दाम बनवलेली नाणीही असतात. कानसीने एक बाजू घासून कोरी करायची, शिकंज्यात दोन नाणी एकमेकांवर दाबायची, स्टीलच्या नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवायचा. घासलेल्या नाण्यावर समांतर बारीक रेघा राहतात आणि वजन कमी भरतं. मुलामा दिलेलं नाणं चुंबकाला चिकटलं की खोटेपणा उघडा पडतो.

४. छापा सरळ धरला तर काटा उलटा येतो. हे नाणं उलटं काऊन हाय?

हा खरा एरर आहे आणि गल्ल्यात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त याचीच. नाणेवाले याला 'अपसेट' म्हणतात. एक ठसा आपल्या जागी सैल होऊन फिरलेला असतो.

तपासणी अशी. सिंहाची बाजू समोर, सिंह सरळ उभे. आता नाण्याला वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरा आणि दारासारखं गर्रकन फिरवा. आपल्या स्वतंत्र भारताच्या नाण्यात दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती डोक्यावर उभी दिसली तर ठसा पूर्ण अर्धा फेरा फिरलेला आहे. आडवी दिसली तर पाव फेरा.

पुष्कळ जण इथे चुकतात, कारण ते नाणं डावी-उजवीकडून धरून खालून वर पलटतात. तसं पलटलं तर चांगलं नाणंही उलटंच दिसणार. माझ्याकडे आलेली अर्धीअधिक 'उलटी' नाणी अशीच सरळ निघाली.

किंचित तिरकं नाणं मी चूक म्हणून धरत नाही, कारण तेवढं थोडं इकडेतिकडे होतच असतं. पूर्ण उलटं आणि आडवं यांना मान आहे. एक अपवाद: अमेरिकेसारख्या काही देशांची नाणी मुळातच खालून वर पलटायच्या हिशोबाने पाडलेली असतात. परदेशातून आलेल्या पाहुण्याने दिलेलं नाणं उलटं दिसलं तर तो त्या देशाचा रिवाज आहे.

५. छपाई एका बाजूला सरकली आहे आणि बाकी जागा कोरी आहे. खरं असेल का?

असू शकतं. चकती ठशांच्या मधोमध बसायच्या आधीच दणका बसला की असं होतं. चकती कड्याच्या बाहेर असल्यामुळे धातूला अडवायला काही नसतं, तो मोकळा पसरतो. म्हणून अशा नाण्याचा आकार थोडा वेडावाकडा असतो आणि काठावर दाते नीट नसतात. कोरी जागा चंद्रकोरीसारखी दिसते, गुळगुळीत पण न घासलेली. दोन्ही बाजूंनी छपाई एकाच कडेकडे सरकलेली असली पाहिजे, आणि हे नाणं पारखताना सगळ्यात आधी तेच पाहा.

कधी चकती मधोमधच असते पण कडं वर आलेलं नसतं. मग छपाई सगळी नीट आणि नाणं नेहमीपेक्षा रुंद, काठ सपाट, असं निघतं. वजन मात्र बरोबर भरतं. हातोडीने ठोकून रुंद केलेल्या नाण्यातही वजन बरोबरच भरतं, म्हणून इथे वजनावर विसंबू नका, अक्षरांचे कोपरे पाहा. ठोकलेल्या नाण्याची अक्षरं बसकी होतात.

छपाई कितीही सरकली तरी वर्ष वाचता येत असेल तर त्या नाण्याला जास्त विचारतात.

६. दोन्ही बाजूंना एकच चित्र आहे! हे कसं काय?

तीन शक्यता आहेत आणि तिन्ही अगदी वेगळ्या आहेत.

पहिली, आनंदाची. एका बाजूला चित्र नेहमीसारखं वर उठलेलं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आत खोल गेलेलं, आरशात दिसावं तसं उलटं. याला इंग्रजी नावावरून 'ब्रोकेज' म्हणतात आणि आपल्या देशातले जुने नाणेवाले 'लखी' म्हणतात. पाडलेलं नाणं खाली न पडता एका ठशालाच चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्यावर एका बाजूने खरा ठसा आणि दुसऱ्या बाजूने हे चिकटलेलं नाणं दाबलं जातं. चिकटलेल्या नाण्याची उठावाची बाजू चकतीत रुतते, म्हणून चित्र खोलगट आणि उलटं. पहिल्याच दणक्याचं लखी असेल तर खोलगट चित्र अगदी रेखीव असतं. ते नाणं तसंच चिकटून राहिलं तर दणक्यागणिक पसरत जातं, आणि नंतरच्या चकत्यांवरचं चित्र फुगलेलं, पुसट होतं.

दुसरी शक्यता, शिकंज्यातली करामत. दोन नाणी एकमेकांवर दाबली तरी खोलगट उलटं चित्र उमटतं. पण तिथे मुळातली छपाई खाली शिल्लक असते आणि मागची बाजू सपाट झालेली असते. खऱ्या लखीच्या खोलगट बाजूला दुसऱ्या कुठल्याच चित्राचा मागमूस नसतो.

तिसरी, दोन्ही बाजूंना वर उठलेलं, सरळ, एकसारखं चित्र. म्हणजे दोन्हीकडे छापाच. अशी नाणी जवळजवळ सगळी जादूवाल्यांसाठी बनवलेली असतात. एक नाणं आतून कोरून डबीसारखं करायचं आणि दुसऱ्याची पातळ चकती त्यात बसवायची. कडेच्या आतल्या बाजूला भिंगाने गोल सांधा शोधा. दगडी पायरीवर अलगद टाकून पाहा. अखंड नाणं खणकन वाजतं, जोडलेलं बद्द वाजतं.

७. नाण्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी आहे.

पुन्हा पोळी आणि वाटी आठवा. आधीच्या पुरीच्या भोकावर वाटी थोडी चढली तर पुरी चंद्रकोरीने कमी निघते. चकतीचंही तसंच. पट्टीच्या टोकाला पाडली तर तुटकी बाजू सरळ रेषेत येते. याला 'क्लिप' म्हणतात.

कुणी कातरीने किंवा ग्राइंडरने कापलं असेल तर? खऱ्या क्लिपमध्ये तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड अशक्त असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात चकतीला तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. तुटक्या जागेजवळची अक्षरं त्या दिशेला ओढल्यासारखी, विरळ होत गेलेली दिसतात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर ठणठणीत असतं आणि मधूनच कापलेलं असतं. वजन दोन्हीत कमीच भरणार, म्हणून काट्याचा इथे उपयोग नाही.

८. सिंहाच्या डोक्यावरून एक बारीक रेघ गेली आहे. ओरखडा आहे की चूक?

बाजूच्या उजेडात सावली पाहा आणि नख फिरवा. रेघ वर उठलेली लागली तर ठशाला तडा गेला होता आणि त्या तड्यात धातू शिरला. आत गेलेली लागली तर ओरखडा. तडा वाढत जाऊन ठशाचा कडेचा तुकडाच निखळला तर नाण्यावर तिथे अक्षरांच्या जागी धातूचा सपाट ढेकूळ येतो. बारीक तडे सगळीकडे सापडतात, ढेकूळ क्वचित.

९. एक अंक किंवा अक्षर आलंच नाही. वर्षच नाही. हे दुर्मिळ आहे ना?

ठशाच्या खोलगट जागेत वंगण आणि धातूची बारीक भुकटी साचली की तिथे धातू शिरू शकत नाही आणि अक्षर पुसट येतं किंवा येतच नाही. चूक खरी आहे, पण दुर्मिळ म्हणता येणार नाही. शिवाय आठवडी बाजारात वर्षानुवर्षं फिरून झिजलेल्या नाण्यातही अक्षर जातं. फरक असा, की झिजलेल्या नाण्याचे सगळे उंच भाग सारखे बसतात. वंगणाच्या नाण्यात एक अक्षर गायब आणि शेजारचं करकरीत असतं.

कधी दोरा, कापड किंवा धातूचा कपटा मध्ये अडकतो आणि त्याचा खोलगट ठसा नाण्यावर उमटतो. ते पाहायला फार सुंदर असतं. मला स्वतःला असली नाणी सगळ्यात जास्त आवडतात, कारण त्यात यंत्रातला तो एक क्षण जसाच्या तसा पकडलेला असतो.

१०. अक्षरं दोनदा छापल्यासारखी दिसतात.

यातही दोन गोष्टी वेगळ्या करा. नाणं बाहेर न पडता जरासं सरकून पुन्हा दणक्याखाली आलं तर दुसरी छपाई पहिलीला चेपून वर बसते आणि दोन्हींचे अवशेष दिसतात. हा मोठा एरर. पण सैल यंत्राच्या हादऱ्याने ठसा उचलताना नुसता घासला गेला तर अक्षरांना एका बाजूने पायरीसारखी सपाट किनार येते. हे दुसरं फार आढळतं आणि त्याला कुणी विचारत नाही. फोटो पाठवणाऱ्या दहापैकी नऊ जणांकडे हेच असतं.

११. १० रुपयांच्या नाण्याची मधली चकती सरकली आहे, निघाली आहे, किंवा उलटी बसली आहे.

या नाण्यात पिवळं कडं आणि पांढरी चकती असे दोन भाग असतात. ते आधी जोडून मग छापत नाहीत. सैल कड्यात सैल चकती ठेवतात आणि दणका बसतो त्याच वेळी दोन्ही एकमेकांत घट्ट होतात.

यावरूनच खरं-खोटं कळतं. कड्यावरची आणि चकतीवरची छपाई एकाच ठशाची, एकाच दणक्याची आहे. तेव्हा कडं सरळ आणि मधली चकती फिरलेली किंवा पलटलेली असेल, तर कुणीतरी चकती ठोकून काढली आणि परत बसवली. अशा नाण्याच्या सांध्याभोवती ओरखडे असतात आणि चकती बोटाने हलते. नुसतं भोक असलेलं कडं घेऊन येणारेही भेटतात, ते चकती नंतर पडलेलं नाणं असतं. छपाईच्या आधीच चकती नसती, तर कड्याचा आतला काठ धातू आत पसरल्यामुळे गोलसर, बाक आलेला दिसला असता.

खरी चूक अशी दिसते: मधली चकती एका बाजूला सरकून कड्यात रुतलेली, आणि छपाई मात्र सांध्यावरून अखंड, एका ओळीत गेलेली.

२० रुपयांचं बारा कोनी नाणं उलट रंगाचं आहे, बाहेर पांढरं आणि आत पिवळं. ते पाहून "१० चं उलटं नाणं" म्हणून दोघांचे फोन आले होते.

१२. नाणं हलकं आहे, किंवा चुंबकाला चिकटत नाही. चुकीच्या धातूचं असेल का?

कधी एका किमतीची चकती दुसऱ्या किमतीच्या ठशाखाली जाते. तेव्हा वजन आणि आकार चकतीचा, छपाई दुसरीच, आणि ती कडेला कापलेली किंवा मोकळी सुटलेली असते. हे ओळखायला मूळ वजनं माहीत हवीत. नेहमी हातात येणाऱ्यांची देतो. २०११ पासूनच्या मालिकेत १ रुपया ३.७९ ग्रॅम, २ रुपये ४.८५ ग्रॅम, ५ रुपये ६ ग्रॅम. त्याआधीचा १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, अकरा कोनी २ रुपये ६ ग्रॅम, आणि जाड ५ रुपये ९ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेत वजनं पुन्हा बदलली: १ रुपया ३.०९, २ रुपये ४.०७, ५ रुपये ६.७४ ग्रॅम. म्हणजे नाणं हलकं वाटलं की आधी वर्ष पाहा. थोडाफार फरक झिजेमुळेही पडतो.

चुंबकाचं गणित: स्टीलची नाणी चिकटतात. तांबं-निकेलची जुनी, ५ ची पिवळी आणि ॲल्युमिनियमची १, २, ३, ५, १०, २० पैशांची चिकटत नाहीत. इथे फसवणारा अपवाद म्हणजे १९६०–७० च्या दशकातली शुद्ध निकेलची १ रुपया आणि ५० पैशांची नाणी. ती स्टीलची नाहीत, पण निकेल चुंबकाला ओढला जातो, म्हणून चिकटतात.

पूर्ण कोरी चकतीही कधी बाहेर येते. तिची कड उचललेली असेल आणि वजन वरच्या यादीत बसत असेल तरच पुढे विचार करा. नाहीतर ती घासलेलं नाणं असते, किंवा बोल्टचा वॉशर बनवायला कापलेला पत्रा.

१३. १० च्या नाण्यावर कुठे १५ रेषा आहेत, कुठे १०. वर्षाखाली ठिपका आहे, तारा आहे. यातलं एरर कोणतं?

कोणतंच नाही. हे सगळं ठरवून केलेलं आहे.

१० रुपयांच्या नाण्याचे अनेक नमुने निघाले. त्यावरून आपल्याकडच्या बाजारात किती भांडणं झाली ते मी दुकानात रोज पाहिलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की तोवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत आणि चालतात.

वर्षाखालची खूण टांकसाळीची असते. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. तेव्हा "खूणच छापायची राहिली" असं म्हणून कोलकात्याचं नाणं जपून ठेवू नका. काही वर्षी आपली नाणी परदेशातही पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर वर्षाखाली इंग्रजी 'एच' असेल तर तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे.

५ चं पिवळं आणि ५ चं स्टीलचं, दोन्ही बरोबर आहेत. डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, ही स्मारक नाणी आहेत. घरात असतील तर प्रेमाने जपा, पण त्यात चूक शोधू नका. त्यांच्यातही वर सांगितलेले एरर होऊ शकतात, आणि मग तपासायची पद्धत तीच.

१४. शेतात नांगरताना शिवराई सापडली. अक्षरं अर्धी कापली आहेत. एरर म्हणून जास्त किंमत येईल का?

शिवराई हाताने पाडलेली आहे. तांब्याचा तुकडा ठशावर ठेवायचा आणि घणाने घाव घालायचा. ठसा मोठा आणि तुकडा लहान, म्हणून एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' पूर्ण आलेली शिवराई हीच दुर्मिळ. त्या काळच्या नाण्यांना प्रश्न ४, ५ आणि ७ मधले नियम लावायचे नाहीत. तिरकं, सरकलेलं, वेडंवाकडं असणं हाच त्यांचा स्वभाव. आपल्या मातीत त्याहूनही जुनं सापडतं. वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता.

आणि जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाला कायदा आहे, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. भांडंभर नाणी निघाली तर वाटून घेऊ नका, विकू नका, धुऊ नका. कुठे, किती खोल, कशात सापडली ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात सांगा. साठा फुटला की त्यातला इतिहास परत जोडता येत नाही. जुनी नाणी नीट मांडलेली पाहायची असतील तर नागपूरच्या अजब बंगल्यात जाऊन या. ते संग्रहालय १८६३ पासून आहे.

१५. फोटो काढण्याआधी चिंचेने किंवा राखेने घासू का?

नका घासू. राखेने आलेले ओरखडे कायमचे राहतात, चिंचेने वरचा थर निघतो, आणि घेणाऱ्याला घासलेलं नाणं पहिल्या नजरेत कळतं. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मग मऊ कापडावर टेकवून कोरडं करा. पुसू नका, नुसतं टेकवा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा.

१६. इंटरनेटवर म्हणतात अशा नाण्याला लाखो रुपये मिळतात. खरं काय?

आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. पेरणीचे दिवस होते, हातात पैसा नव्हता. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं ५ चं नाणं विकायची जाहिरात त्यांनी मोबाईलवर पाहिली आणि फोन केला. समोरच्याने मोठी रक्कम कबूल केली. मग नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, मग कुरिअरचे. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. नाणं अजून त्यांच्याकडेच आहे. ते २०१२ चं चलनी स्मारक नाणं आहे आणि कुणाच्याही गल्ल्यात सापडू शकतं. ते माझ्याकडे आले तेव्हा पैसे जाऊन चुकले होते. आधी आले असते तर, हे अजून मनातून जात नाही.

खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं की ती जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारात नाही, कुणाकडून शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. बँकेचं नाव सांगून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

किमतीचा आकडा मी फोटोवरून देत नाही. ती चूक किती मोठी, वर्ष दिसतं का, नाणं किती कोरं, आणि त्या दिवशी समोर घेणारा कोण, यावर ठरते. कुणी जाहिरातीत काय मागितलं ते पाहू नका. नामांकित लिलावात प्रत्यक्ष किती बोली लागली ते पाहा. बारीक तडा, पुसट अक्षर, किंचित फिरलेला ठसा यांना दर्शनी किमतीच्या फार पुढे कुणी जात नाही. स्पष्ट लखी, वर्षासकट बरंच सरकलेलं नाणं, चुकीच्या चकतीवरची छपाई, यांच्यासाठी मात्र संग्राहक थांबून राहतात.

१७. एरर नाणं दुकानात चालतं का? जवळ ठेवणं गुन्हा आहे का?

जवळ ठेवणं, जमवणं, विकणं यात गुन्हा नाही. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून गंमत म्हणूनही 'एरर' बनवायला जाऊ नका.

विद्रूप केलेलं किंवा ठरलेल्या वजनाहून कमी भरणारं नाणं व्यवहारात घ्यायचं बंधन कुणावर नाही. बाकी ५० पैशांपासून २० रुपयांपर्यंतची नाणी चालतात. दुकानदार नाही म्हणत असेल तर भांडू नका, रिझर्व्ह बँकेचा १४४४० हा क्रमांक त्याला ऐकवा. मीही दुकानदारच आहे, आणि त्या फोनने माझ्या शेजारच्या दोघांचं मत बदललं आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती विकत घेता-देता येतात, फक्त सामान घ्यायला चालत नाहीत.

१८. फोटो कसा काढून पाठवू?

दोन्ही बाजू आणि काठ, असे तीन फोटो. काठाचा फोटो कुणीच पाठवत नाही आणि पुष्कळदा निकाल तिथेच असतो. खिडकीचा उजेड, मोबाईलचा फ्लॅश बंद, खाली साधा कागद. शेजारी त्याच प्रकारचं चांगलं नाणं. वजन करून घेतलं असेल तर लिहा. नाणं कुठे आणि कसं मिळालं तेही लिहा. "आजोबांच्या पेटीत होतं" आणि "मेळ्यात विकत घेतलं" यात मला फार फरक पडतो.

१९. आजीच्या डब्यात भोक असलेला तांब्याचा पैसा आहे. प्रश्न ३ प्रमाणे तो खराब धरायचा का?

नाही, इथे तो नियम लागत नाही. १९४३ ते १९४७ या काळात इंग्रज सरकारने भोकाचाच पैसा पाडला. लढाईच्या दिवसांत धातू वाचवायचा होता. त्याचं भोक मुळातलं आहे, मधोमध आणि गुळगुळीत कडेचं. वरच्या चित्राची मांडणीही त्या भोकाला धरूनच केलेली आहे. आपल्याकडे हे पैसे बैलांच्या गळ्यातल्या माळेत ओवलेले मी पाहिले आहेत. अशा पैशाचं भोक आतून दोऱ्याने लांबट झिजलेलं असतं, ती मोडतोडच.

पण भोक पाडणाऱ्या यंत्राचाही नेम चुकायचा. भोक मध्यापासून सरकून अक्षरांत गेलेलं असेल आणि त्याची कड फाटलेली नसून स्वच्छ असेल, तर तो टांकसाळीतला एरर आहे. भोक पडायचंच राहिलेला पैसाही त्यातलाच. आजीचा डबा पुन्हा एकदा उघडा, सगळे पैसे कागदावर ओळीने मांडा आणि भोकं एका रेषेत येतात का ते पाहा. एखादं येत नसेल तर मला काठाचा फोटो पाठवा.